दाणा ठेवलेले शब्द

विजयमाला मॅडमनी अकरावीच्या मुलांना पहिल्यांदा काळी स्केचपेनं वाटली, त्या दिवशी एकाही मुलानं टोपण उघडलं नाही.

काम तसं सोपं होतं. प्रत्येकानं एक कादंबरी वाचून संपवलेली. आता तिच्यातलं एक पान निवडायचं, हवे तेवढे शब्द ठेवायचे आणि बाकीचे काळे करून टाकायचे. जे उरेल ती कविता. आपला एकही शब्द घालायचा नाही आणि पानावरचा क्रम मोडायचा नाही. पुस्तकंही जपावीत अशी नव्हती. गावच्या वाचनालयाचं कपाट मोडीत निघालं तेव्हा रद्दीत जाणाऱ्या, पुठ्ठे निघालेल्या कादंबऱ्या मॅडमनी गोणीत भरून आणल्या होत्या. फळ्यावर त्यांनी करून दाखवलं. मुलांनी माना हलवल्या, पण हात जिथल्या तिथे.

शेवटी मागच्या बाकावरून सोमेश्वर उठला. मेंढपाळाचा मुलगा, अंगानं काडी, आवाज मात्र मोठा.

"मॅडम, छापलेलं कसं खोडायचं? पुस्तकाला पाय लागला तरी पाया पडतो आमी."

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या मनातलं त्यानं एकट्यानं बोलून टाकलं होतं. मॅडमनी पेनं गोळा केली.

हे सगळं मी त्यांच्याकडूनच ऐकलेलं. त्यांच्या वर्गात मी त्याआधी शिकले, नंतर एम.ए. करून गावी परतले आणि आता त्याच कनिष्ठ महाविद्यालयात, त्यांच्यासारखीच तासिका तत्त्वावर, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसते. आष्टी तालुक्यात, कडा या गावाच्या पुढे आमचं गाव. मॅडमचं माहेर लिंबागणेशचं. पती भारतराव साखर कारखान्यात, त्यामुळे हंगामात घरी कमी आणि कारखान्यावर जास्त. मूलबाळ नाही. घरात त्या आणि सासू छबुबाई. कायम नोकरीची वाट बघण्यात केस पांढरे झाले, पण त्या त्याबद्दल कधी बोलत नाहीत. बोलायचं झालं तर मुलांनी काय वाचलं, एवढंच.

त्या संध्याकाळी मॅडम घरी आल्या तेव्हा छबुबाई ओसरीवर सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. खडा दिसला की बोटाच्या टोकानं बाजूला. मॅडम बराच वेळ ते बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना घरून मूठभर ज्वारी आणायला सांगितलं. पुस्तक सपाट उघडायचं. हवा असलेल्या शब्दाखाली, दोन ओळींच्या मधल्या जागेत, एक दाणा ठेवायचा. मग दाणा असलेले शब्द तेवढे मोठ्यानं वाचायचे. वाचून झालं की फुंकर मारायची. पान जसंच्या तसं. कुणाचाही अपमान नाही.

मुलांना ते इतकं आवडलं की मधल्या सुट्टीतही पोरं श्वास रोखून पुस्तकांवर वाकलेली दिसू लागली. पंखा बंद ठेवावा लागे. कुणी शिंकलं की कविता गेली.

"पोरास्नी दाणे टाकून बघायला शिकीवती का काय गं?" छबुबाई म्हणाल्या. "सटवाचं दुकान बंद पाडशील."

सटवा आमच्या गावचा देवरुषी. जनावर हरवलं, लेकरू किरकिर करायला लागलं, लग्न जुळेना, की लोक मूठभर ज्वारी घेऊन त्याच्याकडे जातात. तो दाणे सुपात टाकतो, जोड्या लावतो, उरल्यासुरल्यावरून सांगतो. छबुबाईंच्या बोलण्यावर मॅडम तेव्हा हसल्या होत्या.

सोमेश्वरची पहिली कविता एका बाजारहाटाच्या पानावरची होती. भाजीचे भाव, घासाघीस, दोन बायकांचं भांडण. त्यातून त्यानं एवढंच उचललं: "ओझं / उतरवा / आता / बोला."  मॅडमनी विचारलं, हे कुणाला सांगतोयस? तो म्हणाला, "मी कुठं काई म्हनलं, मॅडम? पुस्तकात हाय."

हीच त्या कवितेची खुबी होती आणि मॅडमना ती कळली होती. जी मुलं स्वतःच्या शब्दांत कधी चार ओळी लिहीत नव्हती, ती परक्याच्या शब्दांआड उभी राहून वाटेल ते बोलून जात. वर कुणी विचारलं तर, पुस्तकात हाय.

बारावी झाल्यावरही सोमेश्वर पुस्तकं न्यायला येत राहिला. मेंढरांमागे असताना वाचायचा, पहाटे पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर पळायचा. आमच्याकडची निम्मी पोरं तशीच पळतात. यंदा बीडला त्याचं मैदान होतं, पळण्याची चाचणी. त्याच्या आदल्या दिवशी तो मॅडमच्या ओसरीवर आला, वाचलेली कादंबरी परत करायला. जाता जाता म्हणाला, "मॅडम, एक पान केलंय, ऐकता का?" खिशातून पुडी काढली, पुस्तक उघडलं, दाणे मांडले आणि वाचलं. मॅडम चाचणीचे पेपर तपासत होत्या. "छान आहे रे," त्या म्हणाल्या. त्यानं फुंकर मारली, पुस्तक कपाटात ठेवलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं धाकट्या बहिणीला, अंजूला, फोन केला. पळण्यात थोडक्यात हुकलो, म्हणाला. येतो संध्याकाळपर्यंत.

तो आला नाही. फोन लागेना.

वडील धुळाजी बीडला गेले, स्टँडवर, मैदानावर, सोबतच्या पोरांकडे विचारत फिरले. हरवल्याची तक्रार दिली. अंजूनं त्याचा फोटो जमेल तिकडे पाठवला. तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत राहिला, कुणी नमस्काराचे हात टाकले, कुणी 'शेअर केलं' म्हणून कळवलं. परळीच्या रेल्वे स्टेशनवर तसाच एक पोरगा दिसला असं कुणी म्हणालं, तर धुळाजी परळीला गेले. तो पोरगा दुसराच निघाला. दसरा गेला, दिवाळी गेली.

या काळात मॅडम घरी काय करत होत्या ते मला उशिरा कळलं. एकदा पुस्तक मागायला गेले, तर त्या जमिनीवर कादंबरी उघडून बसलेल्या. सोमेश्वरनं परत केलेली तीच. एकेक ओळीवरून बोट फिरवत होत्या.

"त्यानं वाचलेलं मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. "मी ऐकलंच नाही नीट. एक 'उजेड' आठवतो, आणि शेवटी काहीतरी 'मागे' असं होतं. एवढंच. 'उजेड' या पुस्तकात जागोजागी आहे. कुठलं पान होतं?"

मी पुस्तक हातात घेतलं. पानं स्वच्छ होती. एक दुमड नाही, एक ओरखडा नाही. पुस्तकावर डाग पडू नये म्हणून तर दाणे. आता एखादा डाग मिळाला असता तर जन्माचा आधार झाला असता. मॅडमनी वर्गातल्या जुन्या मुलांना फोन करून त्याच्या कविता विचारल्या होत्या. प्रत्येकानं वेगळंच सांगितलं. वर्षानुवर्षं पोरांनी ओसरीवर, वर्गात, लिंबाखाली केलेल्या सगळ्या कविता फुंकरीसरशी चिमण्यांच्या पोटात गेल्या होत्या.

"त्यानं मला सांगितलं होतं का गं काही?" मॅडमनी विचारलं.  मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

भामाबाई आली ती त्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी. सोमेश्वरची आई. मीही तिथेच होते, सुट्टीचा दिवस होता. अंजू तिच्या मागे, आणि बरंच मागे, रस्त्याच्या कडेला, धुळाजी. ते आत आले नाहीत. फाटकाबाहेर काठी टेकवून उभे राहिले.

"बाई हायत का?"

"ये भामे, बस," छबुबाई म्हणाल्या. "पोराचं कळलं का काई?"

"न्हाई, आक्का."

भामाबाई बसली. तिनं पदराची गाठ सोडली आणि मूठभर ज्वारी फरशीवर ओतली. मॅडम स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, ती ज्वारी बघून दारातच थांबल्या.

"बाई, तुमच्या पुस्तकाला इचारा."

"काय विचारू?"

"आमी जावं का ऱ्हावं."

मग तिनं सांगितलं. मध्येमध्ये अंजू बोलत होती, मध्येमध्ये फाटकाबाहेरून धुळाजींचा आवाज येत होता. दरवर्षी दिवाळी झाली की त्यांच्या वस्तीवरचे लोक घोड्यांवर बिऱ्हाड लादून मेंढरं घेऊन पैठणच्या बाजूला, कालव्याखालच्या रानात जातात. तिथले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. यंदा बाकी सगळे कधीच गेले. हे एकटे राहिले. इकडे चारा संपला. मेंढरं बोराटीचे काटे चघळतायत, कोकरं उठेनाशी झालीत. धुळाजी म्हणतात निघू. भामाबाई म्हणते, पोरगं आलं आणि वस्तीवर कुणी नसलं तर?

"सटवाकडं गेलतो," धुळाजी बाहेरून म्हणाले. "त्यानं दाणं टाकलं. म्हनला, पान्याजवळ हाय, पर उठंना."

"त्याचं तोंड उठंना," भामाबाई तिकडे न बघता म्हणाली. "दोन तलाव बघून आले हे. इहिरी बघितल्या. गळ टाकून बघितलं. म्या म्हनलं, सटवाच्या दान्याला वाचता येतं का? बाईचे दाने वाचतेत. सोमा दाने ठिवायचा आन् पुस्तक बोलायचं. अंजूनं बघितलंय."

अंजू खाली बघत होती. "मी तसं न्हाई सांगितलं, आई."

"तसंच सांगितलं."

"बाई," धुळाजी म्हणाले, "तुमचं पुस्तक सांगंल तसं. जा म्हनलं तर उद्या निघू. ऱ्हा म्हनलं तर मेंढरं मरू द्या, ऱ्हातो. माझ्यानं आता हिच्यासंगं भांडणं हुईना."

छबुबाईंनी वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "अगं, आमच्या सूनबाईला आमटीत मीठ किती घालायचं ते कळंना, ती काय दाण्यावरून सांगती?"

"मिठाचं न्हाई इचारत मी, आक्का," भामाबाई म्हणाली. छबुबाई पुन्हा सुपातली ज्वारी निवडू लागल्या.

मॅडम खाली बसल्या, तिच्यासमोर. एखाद्या वर्गाला समजावतात तशा बोलू लागल्या.

"भामाबाई, पुस्तक काही सांगत नाही हो. दाणे आपण ठेवतो. आपल्याला हवा तो शब्द निवडतो. त्यात पुढचं-मागचं काही नसतं."

"मंग सोमा ठिवायचा तवा कोन सांगायचं?"

"तोच. त्याचं तोच."

"म्हंजे त्याच्यात त्याचंच बोलणं असंल की." भामाबाई एकदम पुढे सरकली. "शेवटचं त्यानं तुमच्यापशी वाचलं म्हनं. तेवढं वाचा. दुसरं काई नको मला."

एवढा वेळ मी मॅडमकडे बघत होते. आता बघवेना. त्या उठल्या, कपाटातून ती कादंबरी आणली आणि भामाबाईच्या पुढ्यात ठेवली.

"कुठलं पान ते सापडत नाही मला. मी शोधते आहे. रोज शोधते."

"खून न्हाई केली?"

"नाही. पुस्तक खराब होऊ नये म्हणून... आम्ही खूण करत नाही."

भामाबाईनं पुस्तकावरून हात फिरवला. उलटंपालटं केलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं.

"मंग मला शिकवा," ती म्हणाली.

"काय?"

"सोमाला शिकीवलं तसं. मी ठिवते दाने. माझंच बोलणं निघंल म्हनता ना? निघू द्या. मला सुदीक कळंना झालंय मी काय म्हनते ते."

मॅडमनी पुस्तक घेतलं आणि पानं चाळू लागल्या. मला त्यांची घाई कळली. त्या एखादं मऊ पान शोधत होत्या, ज्यात सुखाचे शब्द असतील. परत येणं, दार वाजणं, असं काहीतरी. भामाबाईला वाचता येत नव्हतं. मॅडमनी वाटेल ते वाचून दाखवलं असतं तरी तिनं मानलं असतं. धुळाजींनीही. तिथे खोटं पकडणारी मी होते आणि अंजू, आणि आम्ही दोघी बोललो नसतो.

भामाबाईनं त्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, मिटलं, आणि स्वतः उघडलं.

"हे."

लग्नघरातल्या पंगतीचं पान निघालं. हसवण्यासाठी लिहिलेलं. मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वाचायला लागल्या. एकेक शब्दावर बोट ठेवत, जसं छापलं होतं तसंच.

'पंगत उठली तरी नवऱ्या मुलाचे मामा आले नव्हते. आचारी विचारू लागला, आता एवढ्या जिलब्यांचं काय करायचं? नानासाहेब चिडून म्हणाले, त्यांचं ताट झाकून ठेवा आणि बाकीचे चला, गाडीची वेळ झाली. मांडवात माशा घोंगावत होत्या. बँडवाल्यांना पाणी हवं होतं. तेवढ्यात कुणीतरी मागचं दार उघडं टाकलं, कुत्रं आत शिरलं आणि मठ्ठ्याच्या पातेल्यात तोंड घालून बसलं. सगळे पोट धरून हसले. नवरी मात्र कोपऱ्यात रडत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.'

"आता पुन्हा वाचते," मॅडम म्हणाल्या. "हवा तो शब्द आला की थांबवा. दोनच गोष्टी आहेत. आपल्याकडचा शब्द घालायचा नाही. आणि मागचा पुढे करायचा नाही."

"आन् नको ते सोडायचं?"

"नको ते सोडायचं."

"लई सोडावं लागंल," भामाबाई म्हणाली.

मॅडम वाचू लागल्या. 'पंगत उठली तरी नवऱ्या मुलाचे मामा आले नव्हते...'

"थांबा. 'आले नव्हते'. कुठं हाय ते?"

मॅडमनी बोट दाखवलं. भामाबाईनं एक दाणा चिमटीत धरला. मेंढरांच्या पायातले काटे काढणारी ती बोटं, दाणा त्यांच्यात दिसतही नव्हता. तिनं तो त्या शब्दांखाली ठेवला आणि हात मागे घेतला.

"जिलब्यांचं काय करायचं?" मॅडमनी वाचलं.

"जिलब्या ऱ्हाऊ द्या तिथंच."

अंजूच्या तोंडून हसू निसटलं आणि लगेच तिनं ओढणी तोंडावर धरली.

'ताट झाकून ठेवा'. भामाबाईनं हे मॅडमकडून दोनदा वाचून घेतलं. प्रत्येक शब्दाखाली दाणा ठेवला. मग मॅडमनी पुढचं वाचलं, 'आणि बाकीचे चला'.

भामाबाईनं दाणा उचलला. तो पानाच्या वर धरून ती थांबली. 'चला' कुठे आहे हे मॅडमचं बोट दाखवतच होतं. फाटकाबाहेर धुळाजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. छबुबाईंच्या सुपातला आवाज थांबला होता. भामाबाईनं दाणा ठेवला. ठेवला आणि लगेच उचलला. मुठीत घट्ट धरला.

"ह्यो सोडला तर चालंल?"

"चालेल," मॅडम म्हणाल्या. "तुमचं आहे."

"सोडला तर काय हुतं?"

मॅडमचं बोट 'चला'वरच होतं. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. 

"कोकरू मेलं काल आनखी एक," भामाबाई पुस्तकाला सांगितल्यासारखं म्हणाली. "त्याच्या आईनं त्याला रातभर चाटलं. सकाळी उठली आन् चरायला गेली." तिनं मूठ उघडली आणि दाणा ठेवला. या वेळी उचलला नाही. फक्त पदर तोंडाशी नेला आणि मॅडमना खुणेनं पुढे वाचायला सांगितलं.

'पाणी'. 'दार उघडं'. इथे तिनं दोन्ही शब्दांखाली दाणे ठेवले आणि बोटानं किंचित दाबले. कुत्रं नको म्हणाली. मठ्ठा नको. हसणारे नकोत. 'रडत होती' आलं तेव्हा ती म्हणाली, "कोन?" मॅडम म्हणाल्या, "नवरी." ती म्हणाली, "नवरी सोडा. ऱ्हायलेलं ठिवा." आणि शेवटी, 'कुणी काही विचारलं नाही'.

"यातलं 'काई' नको," ती म्हणाली. "काई न्हाई, कायबी न्हाई. नुस्तं, कुनी इचारलं न्हाई."

मॅडमनी मग फक्त दाण्यांचे शब्द वाचले. हळू, शब्दाशब्दात अंतर ठेवून, वर्गात वाचतात तसे.

आले नव्हते
ताट झाकून ठेवा
चला
पाणी
दार उघडं
रडत होती
कुणी विचारलं नाही

धुळाजी फाटकातून आत आले होते. कधी आले ते कळलं नाही.

"चला म्हनलं का पुस्तक?"

"पुस्तक न्हाई," भामाबाई म्हणाली. "मी म्हनलं."

ते उभे राहिले. मग भामाबाईपासून थोडं अंतर ठेवून तिथेच ओसरीच्या पायरीवर बसले, पाठ आमच्याकडे करून. त्यांचे खांदे हलत होते. छबुबाई उठून पाणी आणायला गेल्या.

"आता हे फुकायचं का?" भामाबाईनं विचारलं.

तो नियमच होता. मॅडमनी पुस्तकाकडे पाहिलं. मग उठून टेबलावरचं पेन घेतलं, पेपर तपासायचं लाल, आणि खाली बसून एकेक दाणा बाजूला करत त्या शब्दाभोवती गोल काढला. छापलेल्या पानावर शाई टाकताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. गोल वाकडे आले. सगळं झाल्यावर त्यांनी पुस्तक भामाबाईपुढे धरलं. "घेऊन जा तुम्ही."

"मला काय उपेग? हितंच ठिवा. आला तर त्याला द्या. त्याला वाचता येतं."

मॅडम पुस्तक छातीशी धरून बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते गेले. घोड्यावर बिऱ्हाड, मेंढरं पुढे, वस्ती रिकामी. अंजू जाताना कॉलेजवरून गेली, पण आत आली नाही. तिचं अकरावीचं वर्ष असंच चाललंय. दुसऱ्या चाचणीला येईल असं मॅडम म्हणत होत्या. ती आली नाही. आदल्या दिवशी मॅडमच्या कपाटातली दोन पुस्तकं मात्र घेऊन गेली होती.

मॅडम अधूनमधून वस्तीवर जायला लागल्या. एकदा मीही गेले. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, दार सताड उघडं. आत चुलीजवळ दगडावर एक थाळी ठेवलेली, वर दुसरी थाळी उपडी. शेजारी तांब्या, त्यात पाणी. मॅडमनी ते पाणी ओतून बाटलीतलं ताजं भरलं. थाळी उचलून बघितली नाही. मीही नाही.

या वर्षी वर्गात ज्वारी आणायला सांगितली नाही. मॅडमनी मुलांना पेन्सिली दिल्या. शब्दाभोवती गोल करा, म्हणाल्या, आणि पानाच्या खाली आपलं नाव घाला.

"पुस्तकावर, मॅडम?" बबिता नावाच्या मुलीनं विचारलं.

"पुस्तकावर."

मुलं घाबरत घाबरत गोल काढत होती. कुणाचं टोक मोडलं की बरं वाटल्यासारखी टोक करायला उठत होती. मॅडम बाकांमधून फिरत होत्या आणि ज्याची कविता झाली त्याच्याजवळ उभ्या राहून पूर्ण ऐकत होत्या. अर्धी नाही, पूर्ण. ऐकून झालं की पुन्हा वाचायला लावत होत्या.

मधल्या सुट्टीत फोन आला. अंजूचा नंबर. दर वेळी आधी अंजूचा आवाज येतो, मग फोन आईकडे जातो. भामाबाई कशी आहात विचारत नाही. मुलाचंही विचारत नाही. एकच शब्द बोलते, तो शेजारच्या खुर्चीवर मलाही ऐकू येतो.

"दार?"

"उघडं आहे," मॅडम म्हणाल्या.

पलीकडे मेंढरांचा आवाज आला, कुणी हाकलत असल्यासारखा, मग फोन बंद झाला. काल संध्याकाळी वस्तीवर वारा सुटला होता आणि मॅडम गेल्या तेव्हा दार आपटून लागलेलं होतं. त्यांनी ते उघडून मोठा दगड लावला, हे त्यांनी भामाबाईला सांगितलं नाही. दगड उचलताना सोललेल्या बोटाकडे बघत त्या थोडा वेळ बसल्या आणि घंटा झाली तशा वर्गावर गेल्या.